मॅच गर्दी आणते, पैसा तवा आणतो: गावठाणातल्या क्रिकेट क्लबाच्या निधी-स्पर्धेचं प्रकरण

हे प्रकरण कुठल्याही एका क्लबाचं नाही. मुंबईच्या वायव्य किनाऱ्यावर, मढ-मनोरी-गोराईच्या पट्ट्यात, कोळीवाड्यांतून आणि गावठाणांतून जे क्रिकेट क्लब चालतात, त्यांची गत साधारण सारखीच असते. त्यावरून एक नमुना क्लब इथे रचला आहे. आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेब जुळवून मांडले आहेत. चुका मात्र दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मैदानावर खऱ्याच घडतात.

क्लब असा. गावठाणाच्या कडेला एक मोकळं मैदान. त्याच्या अर्ध्या भागात थंडीच्या दिवसांत वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूच्या मांडवांवर, बोंबील सुकत असतात. चाळीसेक खेळाडू, त्यातले निम्मे डोळीच्या, म्हणजे प्रवाहात लावायच्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, होड्यांवर जाणारे. टेनिस बॉलवर सगळेच तरबेज, पण सोळा वर्षांखालच्या मुलांना लेदर बॉलवर आणायचं आहे. पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग १९४८पासून चालू आहे. तिच्या खालच्या डिव्हिजनपर्यंत जरी पोचायचं, तरी पॅड, हेल्मेट, मॅट, रोलर, प्रशिक्षकाचं मानधन हे सगळं लागतं. जूनची १ तारीख ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे होडीवरची पोरं तेव्हाच मोकळी असतात. साहित्य मे संपायच्या आत हातात हवं. क्लबाने ठरवलं, निधीसाठी स्पर्धा भरवू.

पहिल्या वर्षी स्पर्धा दणक्यात झाली आणि क्लब ४७,५०० रुपयांनी खड्ड्यात गेला.

पहिल्या वर्षाचा हिशेब

जमा बाजू थोडक्यात सांगता येते. ३२ संघ, प्रत्येकी ३,००० प्रवेश फी, म्हणजे ९६,०००. मैदानाभोवती ११ जाहिरात फलक, प्रत्येकी ३,०००. त्यातल्या तिघांनी ‘पाठवतो’ म्हटलं आणि पाठवले नाहीत, म्हणून हाती २४,०००. बाहेरच्या चार खाण्याच्या गाड्यांना जागा दिली, प्रत्येकी २,००० भाडं, ८,०००. देणग्या १८,५००. एकूण १,४६,५००.

खर्च सविस्तर पाहण्यासारखा आहे:

पहिलं आणि दुसरं रोख बक्षीस (५१,००० + २५,०००) – ७६,०००
चषक, सामनावीरांच्या ट्रॉफ्या – २१,५००
दिवे, जनरेटर, डिझेल – २८,०००
स्पीकर आणि समालोचक – १४,०००
मंडप, खुर्च्या, जाळी – १७,०००
यूट्यूबवर थेट प्रक्षेपण – १२,०००
पंच, गुणलेखक – ९,०००
शाल-श्रीफळ, सत्कार – ६,८००
चहा-नाश्ता – ५,२००
बॉल, टेप – ४,५००
एकूण – १,९४,०००

बक्षिसाकडे पाहा. ९६,०००च्या प्रवेश फीतले ७६,००० दोन संघांच्या खिशात परत गेले. उरलेल्या २०,०००मध्ये ट्रॉफ्यासुद्धा बसत नाहीत. असं का होतं, तर शेजारच्या गावठाणाने ४१,००० ठेवले होते, म्हणून आपण ५१,०००. पोस्टरवरचा तो आकडा गावाच्या इज्जतीचा होऊन बसतो आणि बैठकीत त्यावर हरकत घेणारा माणूस कंजूष ठरतो. शिवाय मोठं बक्षीस ठेवलं की मुंबई-ठाणे-रायगडभर स्पर्धा खेळत फिरणारे संघ येतात. ते उत्तम खेळतात, बक्षीस उचलतात आणि जेवायच्या आत गाडीत बसतात. त्यांच्यामागे बायका-पोरं, आजोबा, शेजारी असं कुणी येत नाही. गल्लाही येत नाही.

दुसरं भोक दिसायला छोटं होतं. गावात दारोदार ताजी कोळंबी, आणि मैदानावर लोक बाहेरच्या गाडीवर चायनीज भेळ खात उभे. रविवारी रात्री त्या चार गाड्यांवर जो पैसा फिरला, त्यातला क्लबाच्या वाट्याला आला फक्त भाड्याचा.

तिसरी गोष्ट वेळापत्रक. ३२ संघांचा बाद फेरीचा डाव म्हणजे ३१ सामने. अंडरआर्म, पाच-पाच षटकं, दर सामन्याला २५ मिनिटं धरून शनिवारी चार वाजल्यापासून १६ सामने लावले. कागदावर रात्री १०.४० ला संपत होते. पण पाच षटकांचा एक डाव, वाइडसकट पस्तीसेक चेंडू, १६ ते १७ मिनिटं खातो. दोन डाव, टॉस, मधली अदलाबदल आणि एखाद्या धावबादवरची हुज्जत धरली की सामना ३८ मिनिटांवर जातो. १६ सामने म्हणजे दहा तासांच्या वर. शेवटचा चेंडू रात्री दोन वाजून गेल्यावर पडला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सणांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण क्लबाची स्पर्धा त्यात बसत नाही. दहा वाजता पोलीस आले, माइक बंद झाला, आणि माइक बंद झाल्यावर निम्मं मैदान उठून घरी गेलं. पुढचे चार तास दिवे आणि जनरेटर मूठभर लोकांसाठी जळत राहिले.

दिव्यांची गंमत वेगळीच. १,००० वॅटचे १६ मेटल हॅलाइड दिवे लावले होते. म्हणजे १६ किलोवॅट, वर चोकमधला खर्च. जनरेटर आणला १५ केव्हीएचा, जो खऱ्या अर्थाने १२ किलोवॅटच देतो. मंडपवाल्याने ‘होऊन जाईल’ म्हणून सांगितलं आणि शनिवारी तो तीनदा ट्रिप झाला. या जातीचा दिवा एकदा विझला की गरम असताना लगेच पेटत नाही. आतला दाब उतरेपर्यंत, म्हणजे पाच-दहा-पंधरा मिनिटं, थांबावंच लागतं. तीन ट्रिपमध्ये एक अख्खा सामना गेला. बाकी सामने रेटून वेळेवर आणण्याची आशाही तिथेच संपली.

आणि तारीख. कॅलेंडरवर शनिवार-रविवारला जोडून सुट्टी दिसली म्हणून ती धरली. ती नेमकी पौर्णिमेच्या तोंडावर होती. डोळीची मासेमारी चालते प्रवाहाच्या जोरावर, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात. त्या दिवसांत होड्या पाण्यात असतात. क्लबाचे निम्मे खेळाडू, जवळजवळ सगळे नाखवे आणि उचलाउचल करणारे हात समुद्रावर होते. मैदानावर राहिली कॉलेजची पोरं आणि कमिटीतले चार जण. त्यांनी गेटही सांभाळायचं, पंचांना चहाही द्यायचा आणि भांडणंही सोडवायची.

पैसा कुणाच्या खात्यात

दुसऱ्या वर्षाच्या आधी सुटायला हवा होता तो गुंता मैदानावरचा नव्हता. क्लब १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला होता, पण बँकेत सह्या होत्या जुन्या दोन विश्वस्तांच्या. एक वारले होते, दुसरे वसईला राहायला गेले होते. नवी कमिटी निवडून तीन वर्षं झाली तरी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, गेलाच नव्हता. विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. त्यामुळे पहिल्या वर्षीचा सगळा ऑनलाइन पैसा सेक्रेटरींच्या स्वतःच्या यूपीआयवर आला. त्यातला एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नसेल, तरी तोटा जाहीर झाल्यावर गावाने पहिला प्रश्न तोच विचारला, आणि विचारणारच.

चेंज रिपोर्ट उशिरा गेला तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो, महिने जातात, खेटे पडतात. म्हणून हे काम स्पर्धेच्या आधी निदान सहा-आठ महिने हातात घ्यायचं. बँकेला धर्मादाय कार्यालयाचा नव्या नावांचा परिशिष्ट १चा उतारा आणि सभेचा ठराव दाखवला की सह्या बदलतात, मग क्लबाच्या नावाचा क्यूआर कोड काढता येतो. क्लब नोंदलेलाच नसेल तर वर्गणी गोळा करायच्या आधी त्याच कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यायची. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच.

पावतीपुस्तकाचं तंत्र सोपं आहे आणि तेच सगळ्यात जास्त चुकतं. पुस्तकांना क्रमांक हवेत, कुठलं पुस्तक कुणाकडे दिलं याची नोंद हवी, आणि रिकामं पुस्तकसुद्धा परत आलं पाहिजे. जाहिरातदाराकडून पैसे आल्याशिवाय फलक छापायला टाकायचा नाही. पहिल्या वर्षीचे बुडालेले ९,००० याच ठिकाणचे, शिवाय त्या तिघांचे फलक छापायचा खर्च क्लबानेच केला होता. फलक मैदानाच्या हद्दीच्या आत, कंबरेच्या उंचीवर, दोरीला बांधायचे. रस्त्यावर, विजेच्या खांबावर किंवा नाक्यावर कमान करून लावले तर १९९५च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा होतो. मे २०२४मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेल्यापासून वॉर्ड ऑफिस या बाबतीत ऐकून घेत नाही, आणि घेऊही नये.

माइकवरच्या देणग्यांची एक जुनी खोड आहे. समालोचक ओरडतो, अमुक शेठकडून ५,००० रुपये, टाळ्या पडतात, आणि ते ५,००० हवेत विरतात. दुसऱ्या वर्षी खजिनदारबाईंनी समालोचकाच्या टेबलाशेजारीच खुर्ची टाकली. फाडलेली पावती टेबलावर आल्याशिवाय नाव वाचायचं नाही, असा नियम. एका वडीलधाऱ्या नाखव्याने तिथूनच हात वर केला, ‘माझे दोन हजार लिव गो!’ बाई हसून म्हणाल्या, ‘लिहिते ना नाखवा, पेन हातातच आहे. तुम्ही फक्त इकडे या.’ ते आले. दुसऱ्या वर्षीच्या देणग्या १६,०००, म्हणजे पहिल्या वर्षापेक्षा कमी, पण या १६,०००मध्ये एक रुपयाही यायचा बाकी नव्हता.

लकी ड्रॉचा मोह बैठकीत आलाच. शंभर रुपयाचं कुपन, पहिलं बक्षीस स्कूटर, हजार कुपनं म्हणजे लाख रुपये. सरकारी परवानगीशिवायची सोडत भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली येते. पैसे लावून हाऊजी खेळवली तर १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं लफडं मागे लागू शकतं. दोन्ही सोडून दिलं. त्याऐवजी केला लिलाव, कारण लिलावात पैसे देणाऱ्याला वस्तू मिळतेच, नशिबाचा संबंध नाही. नाखव्यांनी एक घोळ मासा आणि दोन रावस फुकट दिले. रविवारी उपांत्य सामन्यांनंतर मैदानाच्या मधोमध बर्फाच्या पेटीवर ठेवून बोली लावली. शेवटची बोली, पैसे तिथल्या तिथे, मासा हातात. तीन माशांचे २१,७०० आले. बाजारात एवढे कधीच मिळाले नसते, पण दोन आळ्यांची चुरस बाजारात नसते.

तिथीवरून तारीख

दुसऱ्या वर्षी तारीख पंचांग पाहून काढली. अष्टमीच्या मागेपुढे भांग असतो, पाण्याला ओढ नसते, डोळी लावून उपयोग नाही, म्हणून माणसं घरी. पण नेमक्या अष्टमी-नवमीला स्पर्धा ठेवली तर दुसरा घोळ होतो. होड्या बंद म्हणजे बोंबील, जवळा, करंदी बाजारात कमी आणि महाग, आणि क्लब तर त्याच मालावर पैसा करणार. मधली वाट म्हणजे षष्ठी-सप्तमी. शेवटच्या उधाणाचा माल पंचमीला बंदरावर उतरतो, तो बर्फात राहतो, आणि माणसंही नुकतीच मोकळी झालेली असतात. शनिवार त्या दोन तिथींवर यायला साधारण तीन-चार पंधरवड्यांतून एकदा जमतं. दिवाळी ते होळी धरली तर दोन-तीनच तारखा हाती लागतात. त्यामुळे तारीख गणपतीतच पक्की करून ठेवायची.

(भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा इथे कामाला येतो. तिथी गुणिले तीन, भागिले चार. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तक्त्यापेक्षा थोडं मागेपुढे होतं, पण होडीने येणाऱ्या पाहुण्या संघाला फोनवर सांगायला एवढं पुरतं.)

मैदानाची परवानगी वॉर्ड ऑफिसकडून मंडपासाठी, पोलीस ठाण्याकडून लाउडस्पीकरसाठी, कोळी जमातीकडून रिवाजासाठी. या तिन्हींच्याही आधी मात्र वलांडी लावणाऱ्या बायकांकडे जायचं. थंडीत सुकवणीचा हंगाम भरात असतो आणि दोन दिवस त्यांची जागा अडते. त्यांच्याशी ठरलं ते असं: पश्चिमेकडच्या दोन रांगा तशाच राहतील, त्यांच्यापुढे जाळी बांधायची, आणि सोमवारी सकाळी सहाच्या आत मैदान झाडून परत.

तवा

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या वर्षी बाहेरची एकही गाडी घेतली नाही. क्लबाच्या नावाने एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मूलभूत नोंदणी काढली (वर्षाला १०० रुपये) आणि महिला मंडळाच्या १२ जणींना दिवसाला ६०० रुपये मानधन ठरवलं. ‘आपल्याच बायका आहेत, पैसे कसले?’ असं म्हणणारे होते. फुकट राबवलं की दुसऱ्या दिवशी निम्म्याच येतात आणि मग तवा बंद पडतो, हे त्यांना सांगावं लागलं.

पदार्थ पाचच. बोंबील फ्राय तीन नग १२०, कोळंबी भात १५०, जवळ्याची भजी ६०, बटाटा भजी ३०, सोलकढी २५. भाकरी मुद्दाम ठेवली नाही. तांदळाची भाकरी हातावर थापायची, एक बाई तासाला पस्तीस-चाळीसच्या वर करत नाही आणि करून ठेवली तर कडक होते. गर्दीत भाकरी म्हणजे रांग.

बोंबलाचं गणित नीट समजून घ्यावं, कारण बहुतेक खाद्यजत्रा इथेच फसतात. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणी. तसाच तव्यावर टाकला तर तळला जात नाही, शिजून चिखल होतो. डोकं-पर काढून पोटाकडून उघडायचा, मधला काटा ओढून काढायचा, स्वच्छ फडक्यांच्या दोन थरांमध्ये पसरून वर पाट ठेवायचा आणि पाटावर वजन. दीड-दोन तासांनी फडकं पिळलं तर ओंजळभर पाणी निघतं. मीठ, हळद, तिखट, आगळ त्यानंतर. आधी मीठ लावून दाबलं तर बोंबील लिबलिबीत होऊन फाटतो. तांदळाचं पीठ दोन भाग, बारीक रवा एक भाग, आणि हे पीठ तव्यावर टाकायच्या क्षणीच लावायचं.

दोन फुटी तव्यावर उघडलेले १६ बोंबील बसतात. वीस बसवायचा मोह होतो. मग तेलाचं तापमान पडतं, बोंबील पाणी सोडतो आणि आठ मिनिटांचा घाणा बारा मिनिटांवर जातो, म्हणजे चार जास्त बसवून तासाचा माल उलट कमीच. १६चा घाणा, काढणं-घालणं धरून नऊ मिनिटं, तासाला साडेसहा घाणे, १००च्या थोडे वर बोंबील, म्हणजे ३५ प्लेटी. रविवारी अंदाज होता २७० प्लेटींचा, आणि त्यातल्या साठ टक्के सात ते नऊ या दोन तासांत जाणार. १६० प्लेटी दोन तासांत हव्यात तर दोन तवे १४०वर थांबतात, म्हणून तीन. तीन तव्यांना तीन तळणाऱ्या, एक पीठ लावणारी, एक प्लेटी भरणारी. दोन्ही दिवस मिळून ४७० प्लेटी, म्हणजे १,४१० बोंबील, किलोला सरासरी १२ धरून १२० किलो. दोन्ही दिवसांचा माल एकदम दाबून ठेवायचा नाही. रविवारचा बर्फात, मासा आणि बर्फ निम्मे-निम्मे, आणि पेटीच्या तळाचं पाणी सतत वाहतं.

कोळंबी भात हा तव्याचा धाकटा भाऊ, पण रात्र तोच तारतो. मोठ्या टोपात एकदम ६० प्लेटींचा होतो, दहा सेकंदांत वाढता येतो, बोंबलाची रांग वाढली की लोक तिकडे वळतात. प्लेटीला सोललेली ६० ग्रॅम कोळंबी धरायची. सालासकट घ्यायची तर दुप्पट.

गॅस व्यावसायिक, १९ किलोच्या निळ्या टाक्या. घरगुती लाल टाकी स्टॉलवर दिसली तर जप्त होते. टाकी शेगडीपासून दहा फूट लांब, उभी, मागच्या बाजूला. प्रत्येक तव्याजवळ झाकण, पाण्याची बादली नव्हे. तेलाने पेट घेतला तर पाणी टाकणं म्हणजे आग अंगावर घेणं. एक पावडरचं अग्निशामक नळकांडं आणि ते चालवता येणारा एक माणूस.

स्टॉल कुठे लावायचा हेही वाऱ्यावर. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री उशिरा मतलई वारे जमिनीकडून. स्टॉल पूर्वेला किंवा पश्चिमेला लावला तर दिवसाच्या कुठल्यातरी वेळी धूर फलंदाजाच्या डोळ्यांत जाणारच. उत्तरेला लावला आणि प्रश्न मिटला.

वेळापत्रक तव्याच्या मापाने

संघ निम्मे, १६. सामने १५, प्रत्येकी ४० मिनिटं. शनिवारी साडेतीन ते नऊच्या आत आठ. रविवारी तीनपासून चार उपांत्यपूर्व, दोन उपांत्य, मग एक तास सुट्टी. त्यात लिलाव आणि जेवण. त्यानंतर अंतिम सामना, पावणेनऊला बक्षीस समारंभ. ही एक तासाची सुट्टी बैठकीत सगळ्यात जास्त भांडून मिळाली. क्रिकेटवाल्यांचं म्हणणं, ‘रंग जातो.’ पण सामना चालू असताना माणूस प्लेट घ्यायला उठत नाही, आणि अंतिम सामना संपल्यावर घरी जातो. पोटाला वेळ या दोघांच्या मध्येच द्यावा लागतो.

हरलेल्या संघाची माणसं वीस मिनिटांत निघतात, हेही लक्षात घेतलं. गावठाणातल्या सहा आळ्यांचे संघ शनिवारी संध्याकाळी सहानंतरच्या चार सामन्यांत ठेवले. चिठ्ठ्या तरीही सगळ्यांसमोर काढल्या, फक्त दोन भांड्यांतून. हे आधी प्रवेश अर्जावरच छापलं नव्हतं. ते छापायला हवं होतं, कारण पाहुण्या दोन संघांनी ‘ड्रॉ फिक्स आहे’ म्हणून तासभर घोळ घातला.

बक्षीस १५,००० आणि ८,०००. फिरते संघ आले नाहीत. त्याबद्दल कुणी हळहळलं नाही. दिवे ४०० वॅटचे १६ एलईडी, म्हणजे साडेसहा किलोवॅटच्या आत. स्पीकर आणि स्टॉल धरून बारा. जनरेटर २५ केव्हीएचा, एकदाही ट्रिप झाला नाही. थेट प्रक्षेपण काढून टाकलं. गावातली माणसं घरी बसून मॅच बघायला लागली तर तव्यासमोर कोण उभं राहणार?

नऊनंतर दव पडतं, टेनिस बॉल ओला होऊन जड आणि घसरडा होतो. त्या आतच खेळ संपल्यामुळे वाइडही कमी झाले. हा फायदा कुणी ठरवून केला नव्हता.

आकडे आणि एक चोरी

खाण्याची विक्री १,४४,३००: बोंबील ५६,४००, कोळंबी भात ५१,०००, जवळा भजी १८,६००, सोलकढी १०,५००, बटाटा भजी ७,८००. खर्च ८९,९००. त्यात मासळी ४१,०००, मानधन १४,४००, तांदूळ-पीठ-नारळ-मसाला १४,२००, गॅस ७,२००, तेल ६,६००, बर्फ-प्लेटी ६,५००. तव्यावर निव्वळ सुटले ५४,४००. प्रवेश फी ४८,००० आली खरी, पण बक्षिसं, ट्रॉफ्या आणि पंच यांनीच त्यातले ३६,५०० खाल्ले. फलकांचे ३५,००० (१४ जण, २,५००प्रमाणे, सगळे आगाऊ). लिलाव आणि देणग्या धरून १,७५,१०० आले, मैदानाचा एकूण खर्च ९५,५००, शिल्लक ७९,६००. मागच्या वर्षीचं देणं ४७,५०० फेडून हातात ३२,१००. मुलांच्या कीटला पुरे, मॅटला नाही.

चोरी अशी. पैसे एका टेबलावर, माल दुसऱ्या टेबलावर, मध्ये कुपन, ही पद्धत बरोबरच आहे, कारण तळणाऱ्या हातांनी नोटा मोजायच्या नाहीत. पण रविवारी रात्री डब्यातली कुपनं मोजली तेव्हा कोळंबी भाताची विकली होती ३४०, डब्यात निघाली ३६६. सव्वीस जास्त. एकत्र करून दिव्याखाली धरल्यावर दिसलं की त्या सव्वीसांचा निळा रंग किंचित मळकट आहे आणि सगळ्यांवर एकच क्रमांक आहे, ११७. कुणीतरी एका कुपनाच्या रंगीत झेरॉक्स काढल्या होत्या. ३,९०० रुपयांचा भात. सगळ्यात महाग पदार्थाचंच कुपन निवडलं, म्हणजे हिशेब कळणारा माणूस होता.

कुपनावर क्रमांक होते, पण वाढणारी क्रमांक वाचत नाही, तिला तेवढा वेळच नसतो. त्यामुळे उपाय वाढणारीच्या हातात नको, विकणाऱ्याच्या हातात हवा. शनिवार-रविवारला कागदाचे वेगळे रंग, विकताना त्या त्या तासाचा रबरी शिक्का, ओल्या शाईचा (झेरॉक्सवरचा शिक्का पुसून पसरत नाही), आणि वाढणारीने कुपन घेताच अर्धं फाडून डब्यात. फाटलेलं कुपन पुन्हा फिरत नाही, आणि बोटाने पुसून शिक्का पसरला की कुपन खरं. शिक्का आणि शाईचा पॅड, दोन्ही मिळून शंभर-दीडशे रुपये.

दुसरी चूक स्वच्छतेची. मैदान सहाच्या आत मोकळं करायचं ठरलं होतं, पण तळणीचं उरलेलं तेल कुठे जाणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. कुणीतरी रात्री ते कुंपणाकडेला ओतलं. सोमवारी पहाटे वलांडीवाल्या बायका टोपल्या घेऊन आल्या तेव्हा त्या बाजूच्या जमिनीवर तेलाचा चकचकीत पट्टा होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. ती रांग तीन दिवस मोकळी ठेवावी लागली. कमिटीने वरची माती खरवडून नवी टाकली, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत, जनरेटर आणि पंचांच्याही वर, पहिली ओळ लिहिली: तेलाचे रिकामे डबे, झाकणासकट, तीन.